निंबाचा सडवा

"कडू हाय," सुकमाबाई माझ्या कानाशी पुटपुटली. "आंबट असावा, गोडसर असावा. कडू काहून असंन? उभ्या जन्मात असा सडवा पाह्यला नाई बापा."

तिचं आणि माझं, दोघींची डोकी एकाच निळ्या ड्रमच्या तोंडात होती. ड्रममध्ये सडवा, म्हणजे गाळण्यासाठी आंबत घातलेली मोहाची फुलं, पाच दिवसांपासून भिजत पडला होता. एव्हाना वर फेस यायला हवा होता. कान लावला की मंद आचेवरच्या वरणासारखी बुडबुड ऐकू यायला हवी होती. हा सडवा आपला गपगार. सुकमाबाईनं पुन्हा बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि बाजूला थुंकली.

"निंब हाय वो यात."

मी डोकं बाहेर काढलं. "निंब कुठून येणार? फुलं वेचताना पाला आला असेल एखादा."

"पाल्यानं एवढा कडू होते का? कोनीतरी उकळून वतला." तिनं बोट लुगड्याला पुसलं. "मले तर वाटते तेलही हाय. हे पाय, वर तवंग."

मी तवंग पाहिला. मग मला एकदम झाडू आठवला आणि मी गोदाम झाडायला घेतलं. सकाळी एकदा झाडलेलं होतं.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं बेहडाटोला जंगलाला टेकून वसलेलं, साठ-सत्तर घरांचं. चैत्रात पहाटे सगळ्या बाया टोपल्या घेऊन मोहाखाली असतात. वेचलेली फुलं वाळवायची, व्यापाऱ्याला द्यायची, आणि वर्षभर ती बाटलीतून गावात परत येताना बघायची, असा आमचा जुना क्रम. त्यात त्या वर्षी बोरकुटे सर आले. जिल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले, वय जेमतेम अठ्ठावीस, बोलता बोलता चष्मा शर्टाला पुसायची सवय.

"ताई, जमिनीखालचं तेल एकदा जाळलं की संपलं," ते सांगायचे. "मोह दरवर्षी फुलतो. या फुलांचं नव्वद टक्क्यांचं स्पिरिट काढलं तर आश्रमशाळेच्या शेगड्या त्यावर चालतील. उरलेलं रंगांच्या, औषधांच्या कारखान्यांना लागतं. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. नुसतं वेचायचं."

वेचणं आम्हाला येतच होतं. सरांनी स्टीलचा उंच उभा नळ आणला, खाली हंडा, वर गार पाण्याची वेटोळी. पण आमचा जिल्हा दारूबंदीचा. मोहाची फुलं गाळायची म्हटल्यावर साहेब लोक कागदाला हात लावेनात. मग सरांनी युक्ती काढली. काम दारूबंदीच्या बायांनाच द्यायचं. ज्यांनी भट्टी फोडली, त्या काय चोरून पिणार?

म्हणजे मला द्यायचं. मी रेवता कापगते, सातवी पास. किराणाच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचल्याशिवाय टाकत नाही. त्याच्या अकरा वर्षं आधी गावातल्या एकवीस बायांना घेऊन मी भट्टी फोडली होती. त्याबद्दल कलेक्टर साहेबांनी शाल दिली, तिचा फोटो पेपरात आला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, पण शाल छान दिसते.

परवानगी आली. अडचण एवढीच, की आम्हाला फोडता येत होतं, गाळता येत नव्हतं.

गाळता येत होतं ते सुकमाबाई कुमरेला. आम्ही फोडलेली भट्टी तिचीच. नाल्याच्या काठावर तीन मडकी, एकावर एक. त्यानंतर ती दर हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जायची आणि उन्हाळ्यात बोटांची सालं निघालेली घेऊन परत यायची. मी तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मडकी तुमची का माही?"

"मडकी नाहीत. सरांचं मशीन आहे, स्टीलचं."

"मंग फुटत नाई," ती म्हणाली. सूप ठेवून पायात चपला घातल्या आणि माझ्या पुढंच चालायला लागली.

गोदाम माझ्या थोरल्या दिरांचं, नीलकंठ भाऊजींचं. आमच्या दारूबंदी समितीचे अध्यक्षही तेच. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात, आणि भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोनं थेट बोलायचं नसतं, मान वर करून पाहायचं नसतं. भाऊजींना मला काही सांगायचं झालं तर ते तिसऱ्या माणसाला सांगायचे. माणूस नसलं तर भिंतीला सांगायचे. "रेवताले सांगा, पोती वल्ली होऊन रायली." मग मी भिंतीकडून निरोप घेऊन पोती उचलायची.

आता निंबाचं सांगते. निंब मीच घातला होता.

सरांनी वाटलेल्या पत्रकात एक वाक्य होतं, की इंधनाचं स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात कडू द्रव्य मिसळतात. मी विचार केला, मिसळायचंच आहे तर शेवटापर्यंत थांबायचं कशाला? शेवटाला सुकमाबाईचा हात आधी पोचणार. पहिल्या धारेची बाटली तिनं बाजूला काढली तर आम्हाला कळणारही नाही. म्हणून पहिल्या ड्रमला बाया घरी गेल्यावर मी निंबाच्या पाल्याचा लोटाभर काढा ओतला. त्याचं स्पिरिट इतकं पातळ निघालं की चमच्यात घेऊन काडी लावली तर निळी ज्योत दिसली न दिसली आणि गेली. मला वाटलं, सुकमाबाईनं नक्कीच स्पिरिट चोरून वर पाणी घातलंय. दुसऱ्या ड्रमला मी बादली ओतली. त्याची वाफ सुद्धा धड वर चढली नाही. तिसऱ्याला बादली आणि वर लिंबोळीचं तेल. निंबानं कधी कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नव्हतं. ताप, खरूज, धान्यातले किडे, सगळ्याला चालतो.

आणि ते कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही सगळ्या शपथेच्या बाया. मोहाचं पाणी जिभेला लावायचं नाही म्हणून देवासमोर हात वर केलेले. सर म्हणायचे, प्रयोगाची वस्तू तोंडात घालायची नसते. ते कागदाच्या पट्ट्या बुडवायचे आणि पट्टीला कडू कळत नाही. चाखणारी जीभ सगळ्या गोदामात एकच, सुकमाबाईची. तिच्या जिभेवर विश्वास कोण ठेवणार?

त्या बुधवारी मी गोदामाचा तोच कोपरा तिसऱ्यांदा झाडत होते तेव्हा वच्छला नाकाडे आत आली. आमच्या बायांच्या गटाची खजिनदार, आवाज पोलीस पाटलासारखा.

"आला का फेस?"

"नाई," सुकमाबाई म्हणाली. "यात निंब हाय."

"पाय, पाय! पह्यल्या बारीले म्हणे फुलं जुनी. मंग म्हणे पाणी खारं. आता निंब!" वच्छला माझ्याकडे वळली. "रेवताबाई, मी सांगतो तुम्हाले, हिच्या पोटात हाय ते. आपलं चालू नये म्हणून करून रायली. जुना दावा."

"जुना दावा असता तं आली असती का मी?" सुकमाबाई शांतपणे म्हणाली. "चाखून पाय. बोटभर."

"मी? शपथेची बाई मी!"

"मंग राहू दे."

सर मागच्या दारानं आले. त्यांनी ड्रमात डोकावून पाहिलं आणि चष्मा पुसायला काढला. "परवा, शुक्रवारी जिल्ह्याचे लोक बघायला येणार आहेत," ते म्हणाले. "तिसराही ड्रम बसला तर मशीन दुसऱ्या गावाला देतील. मला कारण तरी सापडायला हवं हो. नुसतं नाही झालं, असं कसं लिहू?"

कारण त्यांच्यापासून दोन हातांवर झाडू घेऊन उभं होतं.

तेवढ्यात भाऊजी आले. मी पदर पुढं ओढला. ते खुर्चीवर बसले, पाण्याचा गडू तोंडापासून वर धरून पाणी प्यायले आणि मशीनला म्हणाले, "रेवताले सांगा, उद्या सकाळी सगळ्यांना बोलवा. ही बाई काढून टाकायची. साहेब लोक येतील तवा दारू गाळणारी बाई इथं बसलेली दिसाले नको. अपयश आलं तं कारणही तेच सांगता येते. बाईनं बुडवलं."

"पण पुरावा नाही, नीलकंठराव," सर म्हणाले.

"गावाले कायचा पुरावा पाह्यजे? अकरा साल झाले, गाव जाणते ना."

सुकमाबाई ड्रमवर झाकण ठेवत होती. तिनं ते नीट, चारी बाजूंनी दाबून बसवलं. "आलो मी," एवढंच म्हणाली आणि गेली. तिच्या चपलांचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. निदान मला तरी.

घरी येऊन मी चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. डाळीत दोनदा मीठ घातलं. आमचे हे अंगणात कुणाच्या तरी सायकलचं चाक काढून बसले होते. पिणं सुटून त्यांना नऊ वर्षं झाली होती. आता ट्यूबचं पंक्चर पाण्यात शोधतानासुद्धा हात कापत नव्हता.

"ऐकलं का," मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले. "सडवा मी नासवला. निंब घातला मी. तीनही वेळा."

त्यांनी वर पाहिलं. मग हसले. हा माणूस हसला की मला अजून राग येतो आणि अजून बरं वाटतं. "निंब? येवढी वाचणारी बाई तू, अन् हे नाई समजलं? दही लावताना मीठ टाकते का कोनी?"

"हसू नका. सुकमाबाईला काढताहेत उद्या. भाऊजींनी ठरवलं."

हसणं थांबलं. ट्यूब पाण्यात तशीच धरलेली, एक बुडबुडा वर आला, मग दुसरा.

"मंग सांगून टाक सकाळी. मी केलो म्हणावं."

"सांगितलं तर विचारतील ना, हिच्यावर एवढा संशय का म्हणून. मग ते सगळं मागचं निघेल. भाऊजी काय म्हणतील?"

"दादा काय म्हणंल?" त्यांनी ट्यूब बाहेर काढली. "त्याले बोलायले तोंड तं पाह्यजे."

तिथं दोघंही थांबलो. त्या बोलण्याची एक जागा होती, तिथपर्यंत आम्ही गेली अकरा वर्षं अधूनमधून यायचो आणि तिथून परत फिरायचो. जमिनीची वाटणी अजून झाली नव्हती. सात-बारावर भाऊजींचं नाव पहिलं होतं. राहायचं घरही त्यांच्याच अंगणातलं. शिवाय कलेक्टर साहेबांची शाल. ती मी ट्रंकेत ठेवली होती आणि दर दिवाळीला उन्हात घालत होते.

"डाळ खारट झाली असंन," हे म्हणाले.

"झाली आहे."

"मग भात जास्त वाढ."

रात्री मी झोपले, असं म्हणता येईल. कोंबडा ओरडायच्या आधी उठून घागरी भरल्या, भरलेल्या पुन्हा ओतून घासल्या आणि भरल्या.

सकाळी गोदामात बारा-पंधरा बाया जमल्या. ज्या अकरा वर्षांपूर्वी माझ्याबरोबर होत्या त्याच बऱ्याचशा, आता गुडघे धरून बसणाऱ्या. सर ड्रमला टेकून उभे होते. भाऊजी खुर्चीवर. सुकमाबाई दाराच्या आत, एका बाजूला, उकिडवी बसली होती. मांडीवर तिनं ढवळायची लाकडी काठी आडवी धरली होती. ती तिची स्वतःची होती, घरून आणलेली. न्यायला आली असावी.

वच्छलानं सुरुवात केली. तीन ड्रम कसे गेले, किती फुलं वाया गेली, गटाचं नाव कसं जाणार. सगळ्या माना हलल्या. मान हलवायला काही लागत नाही.

"तुम्हाला काही सांगायचं आहे का, सुकमाबाई?" सरांनी विचारलं.

"सांगितलं मी. निंब हाय. चाखून पाहा म्हटलं. कोनी चाखत नाई." तिनं काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "मिरचीवाल्याचा ट्रक हिवाळ्यात येते. मी जाईन. पण निंब हाय."

"झालं," भाऊजी म्हणाले. "लिहा सर. बाई कामावरून कमी केली."

सरांनी पेन काढलं. मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. उठले, ड्रमचं झाकण काढलं. ते तिनं इतकं घट्ट बसवलेलं, की दोनदा ओढावं लागलं. आणि चार बोटं आत बुडवून तोंडात घातली.

वच्छला किंचाळली. "रेवताबाई! शपथ!"

कडू असं कडू, की डोळ्यात पाणी आलं. मी गिळलं. "निंब आहे," मी म्हणाले. "लिंबोळीचं तेलही आहे. मीच घातलंय. तीनही ड्रमांत. सुकमाबाई चोरून नेईल म्हणून."

सर पेन उघडं धरून माझ्याकडे बघत होते आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, परीक्षेत अडलेलं गणित सुटल्यासारखा.

"निंबानं खमीर मारलं! अहो ताई, फुलांतल्या साखरेचं स्पिरिट खमीर करतं, जिवंत असतं ते. निंबानं तेच गेलं. म्हणून बुडबुडा नाही!" त्यांना हसू आवरेना. "आणि निंबाचा कडूपणा वाफेबरोबर वर चढतच नाही. ड्रममध्येच राहतो. चोरायचंच असतं, तर खुशाल चोरता आलं असतं. पण हे छान झालं, कारण सापडलं! मी आजच फोन करून दहा दिवस मागून घेतो. सुकमाबाई, तुमची जीभ माझ्या पट्ट्यांपेक्षा चांगली आहे हो."

दोघी-तिघी हसल्या. कुणीतरी म्हणालं, "रेवताबाईचं म्हणजे वाचून वाचून असंच." वच्छलानं माझ्या पाठीत धपाटा घातला. सगळं इतकं सोपं झालं, की मी खाली बसणारच होते.

भाऊजी उठले. "बरं, झालं. घरातली बाई हाय, चुकली. पुढच्या बारीले नीट करा." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला. "पण ही बाई ठेवायची नाई म्हणजे नाई. रेवताचा भरवसा नोता हिच्यावर, तो का उगाच? गावाची धूळधाण कोन केली? हिच्याच भट्टीनं केली. किती घरं बसली. माह्या धाकट्या भावाचं काय झालं होतं, मी पाह्यलं नाई का?"

सर बायांकडे बघायला लागले. बाया जमिनीकडे. वच्छला, जिचा आवाज वेशीवर ऐकू जातो, पदराची दशी सोडवत बसली. सुकमाबाई काठी टेकून उठली. कुणाकडे पाहिलं नाही. दाराकडे तोंड केलं.

"असं आहे का, ताई?" सरांनी मला विचारलं. "गाव हिच्या भट्टीमुळं बिघडलं होतं?"

मी पदर पुढं ओढायला हात वर नेला आणि तो तसाच खाली आला. मान वर केली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि भाऊजींचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"भाऊजी," मी म्हणाले. भिंतीला नाही, मशीनला नाही. "गावात भट्ट्या दोन होत्या. एक सुकमाबाईची, नाल्यावर, तीन मडक्यांची. दुसरी तुमची, याच गोदामात, लोखंडी पिंपांची. आमचे हे तुमची प्यायचे. इथं बसलेल्या सगळ्यांचे नवरे तुमचीच प्यायचे. आम्ही बावीस जणी लाठ्या घेऊन याच दारावरून पुढं गेलो, आणि नाल्यावरची फोडून आलो."